चावून दिलेलं रताळं

याकोनेच्या घरात माणसांपेक्षा डुकरांना जागा जास्त. एंगा लोकांच्या डोंगरात बाईचं घर असंच असतं. पुढे चूल, मागे डुकरांचे कप्पे, आणि सगळीकडे धूर. नवरा होता तेव्हाही तो पुरुषांच्या घरातच निजायचा, त्यामुळे तो गेल्यावर घर काही रिकामं झालं नाही, असं ती हसत सांगायची. संध्याकाळी मळ्यातून आली की आधी डुकरांना रताळी घालायची आणि मग एकेकाची पाठ खाजवत बसायची. थोरली ठिपकी डुकरीण याकोनेच्या लेकाच्या, लाकाईच्या लग्नात नवरीच्या माहेरी द्यायची ठरली होती. मुलगी मिळाली ती ठिपकीकडे बघून. लाकाईच्या रूपावर कुणी एक रताळंसुद्धा दिलं नसतं.

ठिपकीच्या पिल्लांत एक अगदी मरतुकडं होतं. भावंडं त्याला आचळापाशी येऊच देत नसत. याकोने त्याला जाळीच्या पिशवीत घालून पाठीवर घेऊन हिंडायची. तिची आई करायची तसंच रताळं स्वतःच्या तोंडात चावून मऊ करायची आणि त्याच्या तोंडात भरवायची. मधेच ती पलीकडच्या गावी मयताला जाऊन आली. तिथे गळ्यात पडून रडणारी प्रत्येक बाई खोकत होती. परत आली ती अंगात ताप घेऊनच. तरी पिल्लू तोंडाकडे बघत राहिलं, आणि तिनं त्याला चावून भरवलं.

आधी ते पिल्लू शिंकायला लागलं. मग सगळ्या कप्प्यांतून खोकला सुरू झाला. कुत्र्यानं भुंकावं तसा कोरडा, खोल खोकला. नाकं वाहायची, डोळे लाल झाले, अंगं तव्यासारखी तापली. एकमेकांच्या अंगावर रचून पडायची आणि श्वास घेताना पोटं भात्यासारखी हलायची. पुढ्यात टाकलेल्या रताळ्यांना कुणी तोंड लावेना. मरतुकडं पिल्लू पिशवीतच मेलं.

डुकरं अशी एकदम आजारी पडली की गावात पहिला सवाल एकच. कुणाच्या मनात राग आहे? राग मनात कुजला की तो डुकरांना बाधतो, हे सगळ्यांना ठाऊक. आणि तापेन, याकोनेची धाकटी जाऊ, मळ्यात सगळ्यांसमोर बोललीच होती, "अक्का, लाकाईच्या लग्नात एवढी डुकरं देणार, मग माझ्या लेकाच्या वेळी काय पिशवीतली चिलटं देणार?" तेव्हा सगळ्या बायका हसल्या होत्या. आता कुणी हसेना.

जनावरांची डॉक्टरीण येऊन गेली. ठिपकीच्या छातीला कान लावून म्हणाली, "फ्लू आहे. कोरडं गवत घाला, पाणी पाजा, कुठे हलवू नका. बहुतेक उठतील. मावशी, माणसाचा फ्लू डुकराला लागतो. घरात कुणी खोकत होतं का?"

तापेन दारातच उभी होती. याकोनेच्या छातीत त्याच वेळी खोकला दाटून आला होता. तो तिनं गिळला.

"नाही," ती म्हणाली.

मुलीकडच्यांच्या कानावर गेलं असतं, की सासूच्याच तोंडातून डुकरांना रोग लागला. मग कसली सोयरीक!

दीर कुंदापेननं बायकोला, तापेनला फर्मावलं, "तुझं डुक्कर मार. राग सोडलास असं सगळ्यांसमोर म्हण. उद्या वहिनीची डुकरं मेली तर लाकाई बिनलग्नाचा राहील."

"मी चेष्टा केली होती हो!"

"चेष्टेनं कुणाला ताप येतो का?"

तापेनपाशी एकच डुकरीण होती, गाभण. ज्या दिवशी ती मारली त्या सकाळी ठिपकी आपली आपण उठली आणि पाण्यात नाक घालून तिनं ते फुर्रकन उडवलं. याकोनेनं ते पाहिलं. पळत जाऊन सांगण्याएवढा वेळ होता. ती चुलीपाशी बसून राहिली. सोलून झालेली रताळी पुन्हा पुन्हा सोलत बसली.

दुपारी मांस भाजत ठेवलेल्या खड्ड्यातले तापलेले दगड उचलले, पाला बाजूला झाला. "बघा, राग गेला आणि डुकरं उठली," कुंदापेन म्हणत होता. रीतीप्रमाणे तापेननं पहिला तुकडा जावेला दिला. याकोनेनं तो तोंडात घातला, चावला. तिनं तो हातावर काढला.

"मी खोकत होते," ती म्हणाली. "तापात त्या पिल्लाला चावून भरवलं मी. हिचा काही राग नव्हता."

कुंदापेन म्हणाला, "वहिनी, ताप अजून उतरला नाही वाटतं तुझा."

तापेन हळूच म्हणाली, "खा ना, अक्का. चावायला तर तुला छान येतं."

नवरीच्या माणसांनी ठिपकी नेली. त्यांना रोगाचं काही वाटलं नाही, अंगावर मांस भरलं एवढंच पाहिलं त्यांनी. याकोने मग ठिपकीची थोरली लेक, गाभण राहायला आलेली, दोरीला धरून तापेनच्या दारी घेऊन गेली.

"ही खोकते का?" तापेननं विचारलं.

"नाही."

तापेननं दोरी घेतली नाही. आधी खाली वाकली, डुकरिणीच्या बरगडीला कान लावला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. याकोने दारात उभी होती, तोंडावर हात धरून.