कमळीचं पुस्तक कणगीवर

चऱ्होलीकर मंडळी, आज चावडीचा फळा मी घेतलाय. पंचायतीच्या सूचना उद्या वाचा.

शेजारची सोनाबाई स्वतः अंगठाबहाद्दर. तिची पोरगी कमळी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायचं कसं तेच विसरली, तवा बाप म्हणाला, "आणखी एकदा विसरली तर शाळा बंद."

आज सकाळी सोनाबाई कुरडया घालत होती, कमळी तिला गोष्ट वाचून दाखवत होती. वाघ झोपडीच्या दाराशी आला, तेवढ्यात सोनाबाईनं पुस्तक काढून घेतलं आणि धान्याच्या कणगीवर ठेवलं.

मी म्हणालो, "अगं, पोरगी वाचतीय तर वाचू दे की."

"आबा, आजच पोटभर दिलं तर उद्या कोण मागंल?"

कमळी दुपारपर्यंत कणगीभोवती फिरत होती. "आई, एकच पान."

"उद्या."

मला कुणाचं उगा कौतुक करायची सवय न्हाई. पण ही बाई मास्तरापेक्षा हुशार हाय.

आता त्या पुस्तकाची चारच पानं उरलीत आणि शाळा उघडायला महिना हाय. कुणाच्या पेटीत गोष्टीचं पुस्तक पडलंय का? असंल तर उद्या सकाळी सोनाबाईच्या अंगणात आणा. मी तिथंच बसलेला दिसंन. त्या वाघाचं काय झालं ते मलाबी ऐकायचंय.