आतोबांच्या चार जाड तारा

अख्ख्या सोलापुरात आमच्या आत्याच्या यजमानांइतका संतापी माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतकं रास्त संतापणाराही झाला नाही. आतोबा दिवसा गिरणीत फिटर आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बास गिटारवर. गिटार कसली, चार जाड तारांचं धूडच ते. गाण्याच्या तळाशी त्याचे खर्जातले सूर चालायचे. साठच्या दशकातली विलायती गाणी रेडिओला कान लावून ऐकायची आणि गाणाऱ्याला सोडून नेमके ते खालचे सूर उचलायचे, हा त्यांचा नाद. "गाणारा वरवर बोंबलतोय. खरं गाणं खाली चाललंय की!" असं म्हणत जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं आपटायचे. भवानी पेठेतल्या गणपतीपुढं वर भक्तिगीत चाललेलं असे आणि खाली हे बिनदिक्कत विलायती चाल वाजवत.

पण ऐकतो कोण? मंडपाला पत्र्याचे भोंगे. त्यांतून गाणारा कान फाटेस्तोवर ऐकू येई, बासचा एक सूर निघेल तर शपथ! आतोबा भोंगेवाल्याच्या अंगावर धावून जात. "ह्यो भोंगा हाय का नरसाळं? रॉकेल वत त्यातनं!" मध्ये पडणाऱ्याचीही धडगत नसे. एकट्या आत्यावर ते कधी ओरडले नाहीत. ओरडून उपयोग नव्हता. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून तिचे कान गेले होते. तरी ती दर कार्यक्रमाला येई, स्टेजच्या फळीला पाठ लावून बसे. आम्ही हसायचो.

शेवटी ऑर्केस्ट्राच्या मालकानं आतोबांना काढलं. म्हणाला, "ऐकूच येत न्हाय, तर ठिवू कशाला?" मला आजही तळपायाची आग मस्तकाला जाते. मेल्या, भोंगे तुझे नि दोष त्यांचा? आतोबा मात्र कुणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. गिटार घेऊन घरी आले. आत्यालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या नेहमीसारखी मंडपात गेली नि लगेच परतली. पेठभर भोंगे कोकलत होते. मी आतोबांपाशीच बसलो होतो.

"आज गाणं न्हाय व्हय?" तिनं विचारलं. "फळीला पाठ लावून बसले, कायबी लागंना."

आतोबा उठले, गिटार काढली, तिचं लाकूड पलंगाला टेकवलं आणि वाजवू लागले. आत्यानं पलंगाला पाठ लावली, डोळे मिटले.

"ह्येच की!" ती म्हणाली.

मी धडधाकट कानांचा. इतकी वर्षं पुढच्या रांगेत बसलो, आणि ते गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं.