काठमांडूत विट्याचं कोण आहे

आमच्या साडूंइतका सगळ्या जगाला आपलं गाव समजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विट्याजवळच्या एका खेड्यात त्यांची जमीन होती, विहिरीवर थोडा ऊस होता. पण उसाकडे ते पाहुण्यासारखे कधीमधी जात आणि पाहुण्यांकडे मात्र रोज. त्या भागातली माणसं फार आधीपासून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं तेजाबात टाकून, भट्टीत वितळवून शुद्ध करून देणं. मद्रासला जा, कलकत्त्याला जा, सराफांच्या मागच्या बोळात विट्याकडचा एखादा गडी भट्टीपुढं बसलेला असायचाच. साडू स्वतः तरुणपणी मद्रासच्या अशा एका दुकानात कामाला गेले होते आणि घरच्या आठवणीनं रडून रडून तिसऱ्या महिन्यात परत आले होते. ही गोष्ट ते लपवत नसत. नव्या माणसाशी ओळख झाली की आपलं नाव सांगून झाल्यावर लगेच ती सांगून टाकत.

खरं तर कुठलीच गोष्ट त्यांच्या पोटात राहत नसे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी मला पसंत केल्याची बातमी मला वडिलांकडून कळायच्या दोन दिवस आधी साताऱ्याच्या स्टँडवरच्या पानवाल्यानं कळवली. साडू तिथं पान खायला थांबले होते. मेव्हणीबाईंनी त्यांच्या नकळत भिशीतून बांगड्या केल्या आणि त्या घडीच्या लुगड्यांखाली लपवल्या, तर ही गोष्ट साडूंनी स्वतःच शोधून काढली आणि गावभर सांगून आले, आणि संध्याकाळी बायकोला म्हणाले की तू मला सांगितलं न्हाईस तरी मी कुणाला बोललो न्हाई. त्यांच्यावर रागावणं अवघड होतं. चेहरा असा निर्मळ, की रागावलेल्यालाच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी करणारा सोन्याचा कायदा आला आणि गलाईवाल्यांची दुकानं ठिकठिकाणी बंद पडायला लागली, त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात साडूंनी परदेशच्या सहलीचा बेत काढला. परदेश म्हणजे नेपाळ. पशुपतिनाथाचं दर्शन होईल आणि परदेशही पाहून होईल, असं त्यांनी मित्रमंडळींना पटवलं. लोणंदच्या एका मालकाची जुनी बस ठरली. ती एरवी टपावरून बाजाराचा कांदा वाहायची, त्यामुळं आत बसल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येत होतं आणि निरोप द्यायला आलेल्यांना वाटलं, माणसं फार हळवी झाली आहेत. आम्ही अठ्ठावीस जण होतो. मी तेव्हा साताऱ्याला हायस्कुलात शिकवत होतो, शाळेला सुट्टी होती, आणि बायकोला बहिणीबरोबर जायचं होतं म्हणून मीही निघालो. निघण्याआधी मुक्कामाची काय सोय केली आहे, असं विचारलं तर साडू माझ्याकडे बघतच राहिले.

"आवं मास्तर," ते म्हणाले, "आपली माणसं हायत की सगळीकडं."

मला वाटलं होतं की पहिल्याच मुक्कामाला आपल्याला रस्त्यावर झोपावं लागणार. पण नागपुरात बस थांबल्यावर साडू सराफ्याच्या तोंडाशी उभे राहिले, नाक वर केलं, आणि तेजाबाचा वास घेत घेत दोन बोळ ओलांडून एका दुकानापाशी गेले. आत बसलेला माणूस विट्याजवळच्या भिवघाटाकडचा निघाला. अर्ध्या तासात आम्ही अठ्ठावीस जण त्याच्या माडीवर आमटीभात जेवत होतो. जबलपुरात तसंच, बनारसात तसंच. लोक एवढ्या आनंदानं का घरात घेतात, हे मला हळूहळू कळलं. निघायच्या आधी महिनाभर साडू खेडोपाडी हिंडून आले होते आणि ज्या ज्या घरातला पोरगा परमुलखात आहे त्या घरातून काहीबाही घेऊन आले होते. बसच्या मागच्या दोन सीटांवर माणसं बसतच नव्हती. तिथं शेंगदाण्याच्या चटण्या, तिळाचे लाडू, कुणाच्या आजीनं दिलेला अंगारा, असलं सगळं भरलेलं. शिवाय निरोप होते, ते साडूंच्या तोंडात. जबलपुरात एका दणकट गड्याला त्यांनी एवढंच सांगितलं की तुझी म्हैस व्याली आणि रेडकाच्या कपाळावर चांद आहे, तर तो गडी भट्टीपाशी बसून इतका रडला की त्याला समजवण्यात दोन तास गेले. बसमधली मंडळी वैतागली होती. देवाला निघालोय की टपाल वाटायला, असं आमच्यातले एक कंपाउंडर रोज विचारत. ड्रायव्हर तर मागच्या सीटांकडे वळून बघतच नसे.

त्या सामानात चटणीचा एक मोठा डबा होता. तो साडूंच्या शेजारच्या म्हातारीचा. तिचा एकुलता एक मुलगा हणमा पाटण्याला गलाईच्या दुकानात होता. कायदा आल्यावर त्याची पत्रं यायची थांबली, त्याला दीड वर्ष झालं होतं. पाटण्याला पोचल्यावर साडू मला घेऊन सगळ्यात आधी तिथं गेले. दुकान बंद होतं. कुलपावर गंज चढला होता. शेजारच्या सोनारानं सांगितलं की तो सरहद्दीपलीकडं गेला, तिकडं आपला कायदा नाही, काठमांडूत कुठंतरी असेल. साडू डबा काखेत धरून परत बसमध्ये आले आणि रक्सौलच्या नाक्यापर्यंत तो त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

सरहद्दीवर त्यांची मोठी निराशा झाली. परदेशासाठी त्यांनी सांगलीला खास कोट शिवला होता आणि आपण सरळ चालीचे असल्याचा मामलेदाराच्या सहीशिक्क्याचा दाखला आणला होता. तिथल्या शिपायानं बस नुसती आत सोडली. साडू खाली उतरले आणि त्यांनी आपण होऊन दाखला त्याच्या हातात दिला. नेपाळीची लिपी आपलीच, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शिपायानं तो मराठी दाखला खड्या आवाजात शेवटपर्यंत वाचला, अर्थ एका अक्षराचा कळला नसणार, आणि वाचून झाल्यावर सलाम ठोकला. परदेशी माणसानं आपलं नाव बापाच्या नावासकट वाचलं याचं साडूंना इतकं अप्रूप वाटलं की पुढं डोंगरातल्या त्या वळणावळणाच्या रस्त्यानं निम्मी बस खिडकीबाहेर मान काढून ओकत होती तेव्हाही ते एकटे प्रसन्न होते.

काठमांडूत दर्शन झालं आणि मंडळी बाजारात पांगली. साडू डबा काखेत धरून मला म्हणाले, चला. असन नावाच्या तिथल्या जुन्या बाजारात धूप, मसाले, लोकर, याक नावाच्या जनावराचं तूप असे शंभर वास होते. साडू त्यातून नाक वर करून हिंडत होते आणि मी त्यांच्या मागं. दुपार कलायला लागली तेव्हा एका पितळेच्या दुकानामागच्या जिन्यापाशी ते थांबले आणि वर बघून मोठ्यानं म्हणाले, "विट्याकडचं कोण हाय का हितं?"

वरून एक बाई डोकावली, कडेवर पोर. मग तिच्या मागून हणमा आला. साडूंना बघून तो जिन्याच्या वरच्या पायरीवर तसाच बसला.

त्यानं पुढं जे सांगितलं ते सगळं मान खाली घालून सांगितलं. पाटण्याचं दुकान बसलं तेव्हा घेणेकऱ्यांच्या नाही, लोकलाजेच्या भीतीनं तो इकडं आला. आजारी पडला. ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होता त्यांच्या मुलीनं त्याला वाचवलं आणि त्यानं तिच्याशी लग्न केलं. आता जुळी लेकरं होती. घरी तर आईनं मामाची मुलगी कधीची ठरवून ठेवलेली. पत्रात काय लिहावं हे कळेना, म्हणून त्यानं लिहायचंच सोडलं. साडू म्हणाले, त्या पोरीचं लगीन कवाच झालं, कोरेगावला दिली, तिला घर बरं मिळालंय. पण हणमाचं समाधान होईना. बायको दुसऱ्या देशाची, दुसऱ्या जातीची, तिला आईचा एक शब्द कळायचा नाही, आईनं हे ऐकलं तर ती अंथरूण धरील, असं तो म्हणत राहिला.

"आण्णा, मी बरा हाय एवढंच सांगा," तो म्हणाला. "बाकी काय बोलणार न्हाई म्हणून शब्द द्या."

साडूंनी माझ्याकडं बघितलं. मग त्या दोन पोरांकडं बघितलं. एक डब्याच्या झाकणावर थापा मारत होतं आणि दुसरं साडूंच्या कोटाचं बटण तोंडात घालत होतं. "न्हाई बोलत," ते म्हणाले.

त्या बाईनं आम्हाला भात वाढला. हणमानं डबा उघडला, चटणी भातात कालवली आणि मान वर न करता जेवला. डोळे पुसताना तिखट लागलं असं म्हणाला.

परतीच्या प्रवासात बसमधल्या लोकांनी एक अद्भुत गोष्ट पाहिली. आमचे साडू गप्प होते. मेव्हणीबाईंना वाटलं हवा बाधली. कंपाउंडरांनी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी मुकाट्यानं घेतल्या, त्यामुळं काळजी आणखीच वाढली. बस कुठंही थांबली की ते मला खुणेनं बाजूला बोलवायचे, एखाद्या झाडाआड न्यायचे आणि हळूच म्हणायचे, "मास्तर, जुळी हायत." मी म्हणायचो, हो, मीही पाहिली. मग त्यांना थोडं बरं वाटायचं आणि पुढच्या थांब्यापर्यंत ते तग धरायचे. बनारसपासून विट्यापर्यंत ही एकच बातमी त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली, आणि दर वेळी तिच्यात नवी भर घातली. एकाची हनुवटी आजीसारखी आहे, हे त्यांना जबलपूरच्या पुढं आठवलं.

आम्ही पोचलो त्याच दिवशी म्हातारी आली. साडूंनी मला साताऱ्याची गाडी धरू दिली नाही. हाताला धरून शेजारी बसवून ठेवलं. म्हातारी उंबऱ्याशी टेकली. घावला का, म्हणाली. साडूंनी मान हलवली. बरा हाय का? पुन्हा मान हलवली. चटणी खाल्ली का त्यानं, असं विचारल्यावर साडूंना धीर आला. पोटभर खाल्ली, भातासंगं खाल्ली, माझ्या समोर खाल्ली, असं ते भडाभडा सांगत सुटले.

"रांधून कुनी घातलं?" म्हातारीनं विचारलं.

साडू आढ्याकडं बघायला लागले. मग माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघत होतो. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. म्हातारी बराच वेळ त्यांचा चेहरा निरखत होती. त्या चेहऱ्यावरचं वाचायला शाळेत जावं लागत नसे.

"पोरं किती?" ती म्हणाली.

साडूंनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांनी दोन बोटं वर केली.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, मला सांगता येणार नाही. मग तिनं विचारलं, ल्योक का लेक. साडूंनी एका हातानं मिशी पिळून दाखवली आणि दुसऱ्या हातानं पाठीवर वेणी सोडून दाखवली, आणि मग दोन्ही हात एकमेकांजवळ आणून जुळी असल्याचं सांगायची त्यांची जी काही खटपट चालली ती बघून ती म्हातारी खरोखरच हसली. आमच्यामागं स्वयंपाकघराच्या दारात मेव्हणीबाई रडत होत्या. बाहेर येऊन मला साडू म्हणाले, "मास्तर, तुमी साक्षीला हाय. मी बोललो न्हाई."

त्याच दिवशी म्हातारीनं माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. सूनबाईस आशीर्वाद, यापलीकडं तिला काही सुचेना, म्हणून तेवढंच लिहिलं. पुढच्या वर्षी सुगी झाल्यावर हणमा बायकामुलांना घेऊन आला. आठ दिवस राहिला. मी एक दिवस मुद्दाम जाऊन आलो. म्हातारी सुनेला सारखं काही ना काही सांगत होती, गाईचं, विहिरीचं, हणमा लहानपणी कसा होता त्याचं, आणि साडू दोघींच्या मधोमध बसून भाषांतर करत होते. नेपाळीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. म्हातारी जे बोले तेच ते मराठीत, जरा सावकाश आणि जरा मोठ्यानं म्हणत. सून सगळ्याला हसून मान हलवायची. हणमा जवळच बसलेला असे, पण तो मधे बोलत नसे.

निघायच्या दिवशी विट्याच्या स्टँडवर आम्ही सगळे होतो. गाडी लागली. हणमा सामान चढवायला टपावर गेला होता. म्हातारीनं सुनेचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, आता माझं काय खरं न्हाई, पुन्यांदा भेट हुईल न हुईल, तू ह्याला संबाळलंस, तशीच संबाळ. सुनेनं साडूंकडं बघितलं. साडूंनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्यांना ते मोठ्यानं म्हणता येईना. सून त्यांच्याकडं बघत होती, मग तिनं म्हातारीकडं बघितलं आणि खाली वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उठली नाही.

गाडी गेल्यावर म्हातारी साडूंना म्हणाली, "तू काय सांगितलंस रं तिला?"

"तू म्हनलीस तेच, आत्ती," साडू म्हणाले. मग कोटाच्या बाहीनं तोंड पुसून तिचा हात धरला आणि तिला सावकाश घराकडं घेऊन गेले.