हवा खेळणारं जाकीट

शहाद्याच्या कापडबाजारात छगनलालशेठची सून रिंकू हिचं तोंड सहसा उघडत नसे आणि पाय कधी स्वस्थ बसत नसत. रनाळ्याच्या वाण्याची ही पोर कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत धावून आली होती. लग्नात बाकीचं सगळं सासरच्यांनी ठरवलं. हिने एकच मागणं मागितलं, सकाळचं पळणं. शेठच्या मुलाला, नमनला, तेव्हा बायको हवी होती, म्हणून तो हो म्हणाला. तेव्हापासून उजाडलं की रिंकू लोणखेड्याच्या रस्त्याला लागायची आणि घराला जाग येईपर्यंत परत चुलीपाशी उभी असायची.

सासूबाईंना, भूरीबाईंना, हे खपत नव्हतं. घरात बोली मारवाडी. पण टोमणा मारायचा असला की त्यांना अहिराणीच लागायची, ती जास्त झोंबते. बाई मोठ्या धर्मशील. जैनांच्या स्थानकात प्रवचनाला जाताना नजर जमिनीवर, मुंगी दिसली तर थांबून तिला वाट देणार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर हिरव्या गवतावर पाऊलसुद्धा टाकत नसत. सून दारातून बाहेर पडली की त्या ओट्यावरून विचारायच्या, "तुन्हा पायखाले किती जीव मरतस, कधी मोजेल शेत का?" मुंग्यांसाठी त्यांच्या पोटात जेवढी माया होती, तिचा शिंतोडासुद्धा सुनेच्या वाट्याला आला नाही.

यंदा लोणखेड्याला श्रावणात पावसाळी दौड ठरली. शेवटच्या कमानीवर दुकानाचं नाव लागणार म्हटल्यावर छगनलालशेठ पाघळले. म्हणाले, पहिल्या तिघींत आलीस तर जन्मभर पळ, नाहीतर बूट माळ्यावर. शिवाय एक अट घातली. ओल्या अंगाला चिकटलेल्या कपड्यांत सून बाजारातून येता कामा नये. पाऊस असेल तर वरून जाकीट पाहिजेच.

नमनने दुकानातला मोटारसायकलवाल्यांचा रबरी कोट आणून दिला आणि घरचा माल सोडून बाहेर कशाला बघायचं म्हणून हसला. रिंकू तो घालून एकदाच पळाली. बाहेरचा थेंब आत आला नाही हे खरं, पण आतला घामही बाहेर गेला नाही. कोट काढला तर बाह्यांतून पाणी सांडलं. डोकं गरगरत होतं. मग तिने मोबाइलवरून तीन जाकिटं मागवली. नको असलेली परत करता येत होती.

जैनांच्या घरात प्यायचं पाणी रोज उकळतातच. रिंकूने त्यातलं वाफाळतं पाणी तांब्यात घेतलं, जाकिटाचा पदर तांब्याच्या तोंडावर ताणून बांधला आणि वर थंडगार ताटली धरली. पहिल्या जाकिटाची वाफ आतच कोंडली, ताटली कोरडी ठणठणीत. दुसऱ्यातून वाफ भसाभसा आली, पण वरून पाणी ओतल्यावर तेही तसंच आत गेलं. तिसऱ्याने मात्र तिची फजिती केली नाही. ताटलीवर वाफेचे थेंब धरले, आणि वरून ओतलेलं पाणी मोती होऊन घरंगळलं. काखेत उघडता येणाऱ्या चेनी, पाठीवर जाळीची फट, वजन तर मुठीत मावेल एवढं. भूरीबाई दारातून बघत होत्या. "पानी पिवासाठे उकायेल शे, का कपडा शिजाडाले?" त्या म्हणाल्या. रिंकूने ताटली पुसून ठेवली. तिला हवं ते मिळालं होतं आणि ती भलतीच खूश होती.

त्या जाकिटात ती जी पळाली, विचारू नका. पाऊस कितीही झोडपो, अंग हलकं. लोणखेड्याच्या शाळेतल्या नूतन मॅडम तिच्याबरोबर धावायच्या. तू पहिलीच येणार, असं त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं.

राखीला रिंकू माहेरी गेली आणि आठवडाभर राहिली. रनाळ्यात भिजून पळालं तरी कोणी डोळे वटारणार नव्हतं, म्हणून जाकीट इथेच, गच्चीच्या पत्र्याखाली दोरीवर ठेवून गेली. परतली तेव्हा दौडीला दोन दिवस उरले होते आणि दोरी रिकामी होती. जाकीट सापडलं जुन्या पत्र्याच्या पेटीत. ओलं, घडी केलेलं, आणि घडीघडीतून हिरवी-पांढरी बुरशी. तिने हात घातला तोच मागून भूरीबाई ओरडल्या, "हात लावू नको! जीव शेतस त्यावर. आपोआप सुकी जाई, मंग उचलजो."

"मी ते दोरीवर टांगेल व्हतं, मम्मीजी. कोरडं व्हतं."

भूरीबाईंनी पेटीचं झाकण हलकेच लावलं.

नियम खरा आहे. बुरशीलाही जीव मानतात, ती धुवायची नाही, खरवडायची नाही. ओलं ठेवूच नका म्हणजे बुरशी धरणार नाही, हे तर स्थानकात साध्वीजी दर पावसाळ्यात कानीकपाळी ओरडून सांगतात. छगनलालशेठनी मान डोलावली, धर्मापुढे काय बोलणार? नवं जाकीट दोन दिवसांत येणार नव्हतं; नमन रबरी कोट घेऊन आला. या वेळी तो हसलासुद्धा नाही, त्याला दुकान उघडायची घाई होती.

दौडीला पाऊस होताच, तोही उकाड्याचा. रिंकू अर्ध्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. मग तिला समोरचा रस्ता दिसेना. कमान दिसायला लागली तिथेच ती कडेला कोसळली आणि ओकली. नूतन मॅडमनी कोट ओरबाडून काढला तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं. त्या कमानीवर सासऱ्याच्या दुकानाचं नाव होतं, आणि ती कमान ओलांडणं रिंकूच्या नशिबी नव्हतं. संध्याकाळी बूट माळ्यावर गेले. ती दोन दिवस तापाने पडून होती; भूरीबाईंनी स्वतःच्या हाताने पेज भरवली.

पुढे संवत्सरी आली. त्या दिवशी वर्षभराच्या चुकांची सगळ्यांनी सगळ्यांकडे क्षमा मागायची. "मिच्छामि दुक्कडम" म्हणत कोणी हात जोडले की समोरच्यानेही जोडायचे, मनात काही ठेवायचं नाही. प्रतिक्रमणाची प्रार्थना आटोपून घर ओसरीवर जमलं. भूरीबाई सुनेसमोर आल्या, आठ दिवसांच्या उपासाने चेहरा उतरलेला, आवाज मऊ.

"ते जाकीट दोरीवरतून मीच काढं. पानीमा बुडाई, घडी करी पेटीमा घाली दिन्हं. मिच्छामि दुक्कडम, बिनणी."

रिंकूने नमनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. शेठ डोळ्यांनी खुणावत होते, जोड हात, जोड. तिने हात जोडले आणि क्षमा केली. मग तिला वेडी आशा वाटली. बाईंनी स्वतःच कबूल केलंय, आता तरी. उद्यापासून पळायला जाऊ का, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं.

भूरीबाईंना खरोखर नवल वाटलं.

"माफी मांगी मी," त्या म्हणाल्या. "परवानगी कोठे दिन्ही?"

आणि त्या हात जोडून नमनकडे वळल्या.