आमुशाचं तेल

आमच्या इंजनआक्काचा डोळ्यांवर फारसा विश्वास नव्हता. कुठलीही वस्तू अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळून पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. पीठ, मीठ, कापूस, शेतातली माती, नव्या लुगड्याचा पदर, सगळं तिच्या चिमटीत जायचं आणि मग निकाल लागायचा. मी लग्न होऊन सिरसाळ्याला आले तेव्हा उंबरठ्यावरच तिने माझं मनगट धरून पाहिलं आणि माझ्या मालकांना म्हणाली, "बापू, पोरगी लई नाजूक हाय रे. जपून कामाला लाव."

आक्का माझ्या मालकांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. त्यांना मालक म्हणणारी मी एकटीच. घराची, बैलांची आणि पुढे इंजनाची मालकी आक्काकडेच होती. त्या काळी निजामाच्या मोगलाईतल्या आमच्या भागात पिठाची गिरणी म्हणजे अप्रूप. बाया, पोटुशी असल्या तरी, अंधारात उठून जात्यावर बसत. माझं पहिलं गरोदरपण मध्येच बिघडलं आणि बाळ गेलं. सगळ्यांनी दैवाला बोल लावला, आक्काने जात्याला लावला. "हिच्या हातात पुन्यांदा जात्याचा खुंटा देणार न्हाई," असं म्हणून ती मालकांच्या मागे लागली आणि दारात गिरणीचं इंजन आणवूनच थांबली. सारं गाव ते बघायला लोटलं. मला मात्र त्याच्या पुकपुक आवाजात एवढंच ऐकू येई, की उद्या पहाटे आपल्याला उठायचं नाही.

इंजनाला जळायचं तेल वेगळं लागे आणि पोटात घालायचं वंगणाचं तेल वेगळं. जळायचं सरलं की इंजन बंद पडे, त्यामुळे ते कुणी विसरत नसे. पोटातल्या तेलाबाबत मात्र आमच्या घराने खास आमच्यासारख्यांनीच करावी अशी चूक केली. बैलगाडीच्या आसाला आम्ही एरंडेलात जळक्या कडब्याची राख कालवून घालत असू. ते वंगण काळंच असायचं, आणि जितकं काळं तितकं मुरलेलं असं सगळे मानत. इंजनातलं सोनेरी तेल काळं पडलं तेव्हा आक्का खूश झाली. "आता मुरलं बघ," ती मला म्हणाली. कमी झालं की ती वरून भर घाली. जुनं काढून टाकायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग एके दिवशी इंजन खडखडू लागलं. मोमिनाबादहून मिस्त्रीचाचांना बोलावलं. त्यांनी पोट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आक्का, ये काजल कायकू भरके रखे?"

"वंगण काळंच असतंय की," आक्का ठसक्यात म्हणाली.

चाचा पोट धरून हसले. आक्काला राग आला, पण तिने वाद घातला नाही. त्या काळ्या तेलात बोट बुडवलं आणि चिमटीत चोळलं. बोटांना कचकच लागत होती. पिठाची धूळ आणि लोखंडाचा झिजलेला चुरा. "हे तर भरड दळण हाय," ती हळूच म्हणाली. "आपुन इंजनाच्या पोटात जातंच फिरवीत होतो." चाचांनी बजावलं, की इंजनाचा दांडा ज्यात फिरतो तो बुश अर्धा खाल्ला गेलाय, पुन्हा असं झालं तर दांडाच मोडेल आणि मग इंजन भंगारात.

तेल किती दिवसांनी बदलायचं? चाचा म्हणाले, पिठाच्या धुळीत महिन्याला बदललेलं बरं. आक्काने त्याला आपल्या पद्धतीने मुहूर्त लावला. "आमुशाला आपुन बैल जुपत न्हाई. मग ह्यानंच काय पाप केलंय?" झालं. दर अमावास्येला गिरणी बंद, जुनं तेल बाहेर, नवं तेल आत. गावाने इंजनाला उपास लागला म्हणून टिंगल केली. मालक कुरकुरत, "आक्का, तेल आजून चांगलं हाय की." ती म्हणे, "चांगलं हाय तवरच काढायचं. बिघडल्यावर काढून काय उपेग?" काढलेलं काळं तेल गाडीवाले आपापल्या नळकांड्यांत भरून नेत. काळ्याची जागा गाडीला, हे तिचं ठरून गेलं होतं.

तेल निवडायलाही ती चिमटीनेच शिकली. थंडीत दाट तेल घातलं तर सकाळी हँडल फिरता फिरत नसे. उन्हाळ्यात पातळ घातलं तर ते तापून पाण्यासारखं होई. मग हिवाळ्याला पातळ आणि उन्हाळ्याला दाट असे दोन डबे घरात राहू लागले. एका पावसाळ्यात मालकांनी घाण्याचं एरंडेल घालून पाहिलं. चार दिवस इंजन झकास चाललं, मग आत गुळाच्या पाकासारखी चिकी जमली. ती खरवडताना आक्का मालकांना काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे मला पुन्हा दिवस गेले. महिने भरत आले आणि पोळा तोंडावर आला. पोळा अमावास्येचा, त्यामुळे आदल्या दिवशी पुरणपोळीच्या दळणाला गर्दी ठरलेली. त्या गर्दीआधी इंजनाला स्वच्छ तेल मिळावं म्हणून आक्काने पहाटेच जुनं काढून गाडीवाल्यांना देऊन टाकलं. नवा डबा मालकांनी आठवडी बाजारातून आणला होता, कारण घरातले दोन्ही डबे सरले होते आणि पुरामुळे मोमिनाबादची वाट बंद होती. डबा फोडून आक्काने तेल चिमटीत धरलं आणि मान हलवली. कुणीतरी वापरलेलं तेल गाळून विकलं होतं.

दारात बायांच्या पाट्यांची रांग लागलेली. मालक म्हणाले, "आक्का, सणाचा दिस हाय. एक दिस चालवू की ह्याच्यावर."

"आन् दांडा मोडला म्हंजी?" आक्काने माझ्याकडे बोट केलं. "उद्या खुंट्याला हात कुणाचा? हिचा? सांग बे, कुणाचा?"

मालकांनी डबा बाजूला सारला. बाया पाट्या उचलून घरी गेल्या. त्यांच्यापैकी प्रत्येकीला खुंटा ठाऊक होता. आक्काने कोपऱ्यातलं जातं झटकलं आणि एकटी दळायला बसली. मी समोर बसून खुंट्याला हात लावायला गेले तर तिने तो झिडकारला. "तू गप बस." तिचं वय झालं होतं. दुपारपर्यंत तिचा उजवा हात खांद्यातून वर जाईना.

संध्याकाळी खांदेमळणी. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झाल्यावर आक्का वाटी घेऊन माझ्यामागे येऊन बसली आणि डाव्या हाताने माझे खांदे चोळू लागली. मी म्हटलं, "आक्का, दळलं तुमी आन् माझे खांदे कावून चोळता?" ती म्हणाली, "तुझ्या खांद्यांनी लई वर्सं वढलंय. त्यास्नी कुणी इचारलं न्हाई." मी त्या दिवशी जितकी रडले तितकी बाळ गेलं तेव्हाही रडले नव्हते.

माझी मुलगी धडधाकट जन्मली. तिच्यानंतरचीही. त्या इंजनाने कितीतरी सुनांची पहाटेची झोप वाचवली, आणि इंजनाला वाचवलं ते आक्काने. मला आईने जन्म दिला, पण माझं शरीर माझ्याकडे राहिलं ते तिच्यामुळे, हे मी आजही कुणालाही सांगते.

आक्का शेवटी अंथरुणाला खिळली. डोळे गेले होते, बोलणंही थोडकंच उरलं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ बसले आणि तिचा उजवा खांदा चोळू लागले. तिने चाचपडत माझा हात धरला, माझ्या बोटांवरचं तेल आपल्या चिमटीत घेतलं आणि बराच वेळ चोळत राहिली. मग हात सोडून म्हणाली, "साफ हाय. चोळ."