वडिलांचा बिल्ला कुठला?

घड्याळजींना दुकान बंद केल्यापासून एकच उद्योग होता, साम्राज्याच्या आरमाराचे जुने बिल्ले गोळा करणं. निळ्या मिन्यावर सोनेरी नांगर, वर मुकुट, खाली ‘समुद्र आमचा’. समुद्र कुणाचा होता देव जाणे! घड्याळजींचे वडील त्या आरमाराच्या एका जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा टाकत होते आणि जहाजासकट बुडाले. तेव्हा घड्याळजी आईच्या पोटात होते. आरमाराने घरी एक बिल्ला पाठवला. वडील म्हणून त्यांनी पाहिलं ते एवढंच.

पुढे कपाटाच्या खणांत सव्वातीनशे बिल्ले जमले, पण जीव त्या एकात. संग्रहालयाला आता नेमका तोच हवा होता. तिथल्या बाई अकराला न्यायला येणार म्हणून घड्याळजी सकाळीच साफसफाईला बसले आणि हाताच्या सवयीने घात केला. दुकानात ते सगळे सुटे भाग एकाच वाटीत पेट्रोलमध्ये टाकत. तसाच वडिलांचा मळका बिल्ला टाकला आणि अदलाबदलीत मिळालेला त्याच्या जोडीचा लखलखीत बिल्लाही. बाहेर निघाले ते दोन्ही चकचकीत. भिंग लावलं, उलटेपालटे केले, डोकं धरलं. काही कळेना.

शेवटी त्यांनी ताईला बोलावलं. ती दोन गल्ल्या पलीकडेच राहायची.

“तू लहानपणी खेळायचीस ना याच्याशी? सांग, बाबांचा कुठला?”

ताईने बिल्ल्यांना हातही लावला नाही. “दोन्ही नाहीत.”

“म्हणजे?”

“मी नऊ वर्षांची होते. शाळेत मिरवायला नेला आणि पुलावरून नदीत पडला. आई जिवाचं काही करून घेईल असं वाटलं. भंगारवाल्याकडे तसाच एक होता. त्याच्या मुलीसाठी माझी बाहुली दिली आणि तो आणून आईच्या उशाजवळच्या डब्यात ठेवला.”

“आणि इतकी वर्षं मूग गिळून बसलीस?”

“आधी आईसाठी. मग तू हे वेड घेतलंस. कोणत्या तोंडाने सांगू?”

घड्याळजींना भयंकर राग आला, पण तो काढायचा कुणावर? नऊ वर्षांच्या पोरीवर? आई उशाशी भंगारातला बिल्ला ठेवून झोपत होती, याचं रडू येत होतं आणि हसूही. आपण नक्की कशाला जपलं, हेच त्यांना उमगेना.

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई आल्या. दोन बिल्ले पाहून म्हणाल्या, “यातला वडिलांचा कोणता?”

“वडिलांचा नदीत आहे,” घड्याळजी म्हणाले. “दुसरा कुठलाही न्या, खणातले सगळे न्या. या दोन्हींतला एक मात्र मिळणार नाही.”

“कोणता?”

घड्याळजी गोंधळून एकदा या बिल्ल्याकडे, एकदा त्या बिल्ल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही ताईच्या पुढे सरकवले.

“ताई, नीट बघ ना गं. तुझ्या बाहुलीचा कुठला?”