ट्रेलरमधली मास्तरीण

माझ्या थोरल्या बहिणीचा वर्ग माझ्यामुळे गेला. पंचवीस वर्षं ती ज्या मुलांसमोर उभी राहिली, त्यांच्यासमोर तिला उभं राहता येऊ नये असं मी केलं, आणि वर कितीतरी वर्षं तिच्याशी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे वाचताना कुठेतरी हसू येईल, आणि हा सगळा प्रकार त्या हसण्याचाच आहे.

बाजार नुकता खुला झाला होता. परदेशी कार्टूनपट हिंदीत आणि तेलुगूत करून आपल्याकडे लावायला सुरुवात झाली होती. शहरातल्या कोठी भागात एका चष्म्याच्या दुकानावर आमचं डबिंगचं ऑफिस होतं. मी हिंदी संवाद लिहायचो आणि ट्रेलर जुळवायचो. परदेशातून आलेला ट्रेलर इथे चालत नाही, असं आमच्या साहेबांचं ठाम मत होतं. त्यात आकाश, ढग आणि गाणं असायचं. "ढगां देखने को कौन आता मियाँ?" ते म्हणायचे. "बच्चे को गिरनेवाला होना. अम्मा को पहचान का कोई होना. बच्चा अकेला टाकीज को नहीं आता, अम्मा लाती." मुलाला धडपडणारं कुणी हवं आणि आईला ओळखीचं कुणी, असा त्याचा अर्थ.

कच्चा ट्रेलर तयार झाला की आम्ही तो दुपारच्या खेळाला एखाद्या टाकीजमध्ये लावून घ्यायचो. मी पडद्याकडे पाठ करून भिंतीशी उभा राहायचो आणि माणसांच्या तोंडांकडे बघायचो. मूल कुठे हसलं, आई कुठे हसली, एवढंच टिपायचं. जिथे दोघं एकदम हसली तो तुकडा ठेवायचा, बाकी काढून टाकायचं. या कामाची मला गोडी लागली होती. अंधारात लोकांना कळत नसतं की कुणी आपल्याकडे बघतंय.

तो चित्रपट वाट चुकलेल्या एका बदकाच्या पिल्लाचा होता. त्यात पिल्लांची शाळा घेणारी एक म्हातारी बदकीण होती. ती दोन-तीनदा घसरून पडते, आणि शेवटी पुरात सगळ्या पिल्लांना पाठीवर घेऊन पलीकडे नेते. ते पुराचं दृश्य आम्ही ट्रेलरमध्ये घेतलं नाही. रडलेली आई मुलाला टाकीजला आणत नाही, असं साहेबांचं म्हणणं. आम्ही तिचं नुसतं पडणं घेतलं. मुलं हसली. आया मात्र संत्री सोलत बसल्या.

"अम्मा लोगां को कुछ दो," साहेब म्हणाले. "मास्तरनी है ना? सबकी कोई ना कोई मास्तरनी रहती."

माझ्या घरातच एक होती.

अक्का बरकतपुऱ्यात आमच्याबरोबर राहायची आणि मराठी शाळेत पाचवी-सहावीला शिकवायची. लग्नानंतर तीन वर्षांत ती परत आली होती, तेव्हा तिचे समोरचे दोन दात नव्हते. ती न्हाणीघरात पडली, असं वडिलांनी सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याने पितळी तांब्या मारला होता. खोटे दात बसवले, पण ते नीट बसले नाहीत. 'स' म्हणताना तिच्या तोंडातून बारीक शिट्टी निघायची. मुलांनी त्याची सवय करून घेतली होती. वर्गात तिचा दराराच तसा होता.

ऑफिसचा टेपरेकॉर्डर मी घरी आणला. तिला म्हणालो, मुलांसाठी काहीतरी करतोय, तुझा आवाज हवाय.

"माझा? अरे, माझी ही शिट्टी?"

"तीच तर खरी वाटते, अक्का."

एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी खरं बोललो. ती आत जाऊन साडी बदलून आली. मी म्हटलं, फोटो नाही काढायचा. ती म्हणाली, "असू दे रे, नीट नेसलं की नीट बोलता येतं." मग तिने वर्गात बोलते तसं बोलून दाखवलं. सगळ्यांनी सरळ बसा, सावकाश सांगा, आवाज नको. मध्येच थांबून तिने मला विचारलं, "पुरे का? अजून सांगू?"

दुसऱ्या दिवशी बदकिणीला आवाज देणाऱ्या बाईला मी ती टेप ऐकवली. ती हुशार होती, चार वेळा ऐकून तिने शिट्टी पकडली. "कहाँ से उठा के लाए जी ये नमूना?" तिने विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. "घर की चीज है," मी म्हणालो.

"स्सब स्सीधे बैठो! स्सीधे!" बदकीण शिट्टी मारत ओरडते, ओळीतली पिल्लं एकावर एक कोसळतात, आणि मग ती स्वतः उलटी पडून पाय वर करते. पुढच्या दुपारी मी भिंतीशी उभा होतो. मुलं हसली, आणि त्याच क्षणी आयांनी तोंडावर पदर घेतला. एक बाई शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "बिल्कुल अपनी वो!" दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये साहेबांनी तो आवाज सहा वेळा घालायला लावला. मे महिन्यात तो टाकीजमध्ये आणि केबलवर दिवसभर वाजत होता. मला बढती मिळाली.

अक्काने तो पहिल्यांदा पाहिला तो संध्याकाळी, आमच्या सगळ्यांबरोबर टीव्हीसमोर जेवताना. माझी मुलगी सहा वर्षांची होती. ताटावरून उठून तिने टाळ्या पिटल्या. "आत्या! आत्या लागली!" बायकोने तिला दटावलं, पण दटावताना तिलाही हसू आवरलं नाही. अक्काने घास खाली ठेवला.

"परत लागेल ना?" तिने विचारलं. "थांबू या."

अर्ध्या तासाने तो परत लागला. तिने तो पूर्ण पाहिला.

"त्या बाईचेही दात पडलेत का रे?"

"असतील," मी म्हणालो. "मला कल्पना नाही, अक्का. योगायोग."

"माझं बोललेलं कुठे लावणार आहेस?"

"ते राहिलं. साहेबांना नाही आवडलं."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच तासाला ती 'सरळ बसा' म्हणाली आणि मागच्या बाकावरून शिट्टी आली. आठवड्याभरात सगळा वर्ग शिट्टी मारू लागला. तिने फळ्याकडे तोंड केलं की मुलं बाकावरून खाली पडायची, एकावर एक. तिने दात काढून शिकवून पाहिलं, तर उच्चार बोबडे झाले आणि मुलं आणखीच चेकाळली. मग ती बोलणं टाळून सगळं फळ्यावर लिहू लागली. हे मला तिने सांगितलं नाही. त्याच शाळेत शिकवणारी तिची मैत्रीण घरी येऊन रडत सांगून गेली. मी तिला चहा दिला आणि म्हणालो, मुलं काय, विसरतील.

मुलं विसरली नाहीत, कारण ट्रेलर थांबला नाही. मराठी शाळा आधीच आटत चालली होती. त्या वर्षी दोन वर्गांचा एक करायचं ठरलं आणि दोन शिक्षिकांतली एकच राहणार होती. तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले त्या दिवशी अक्काने त्यांना "सर" म्हटलं आणि चाळीस तोंडांतून एकदम शिट्टी निघाली. तपासणारे साहेबही हसले. त्यांच्या घरीही मुलं असतील. वर्ग ताब्यात राहत नाही, असा शेरा पडला. अक्काला कार्यालयात बसवलं. निवृत्त होईपर्यंत सात वर्षं तिने त्याच शाळेत दाखले लिहिले.

मी त्या सात वर्षांत पुष्कळ ट्रेलर केले. एकात शेजारच्या काकांचं तोतरेपण होतं, एकात आमच्या दूधवाल्याची चाल. ती पद्धत कधीच चुकली नाही.

माझी मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली, ऑफिस बंद पडलं, बायको गेली. घरात मी आणि अक्का उरलो. सकाळी ती अफझलगंजच्या ग्रंथालयात मराठी वर्तमानपत्रं वाचायला जायची. तिथे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून मी तिला तिथेच गाठून सांगायचं ठरवलं. ही भीतीच होती. तिच्यासमोर बसून टेपचं सगळं सांगितलं.

तिने पान उलटलं. "मला ट्रेलर पाहिला त्याच दिवशी कळलं होतं. 'घर की चीज' म्हणालास तेही कळलं. तुझ्या ऑफिसातला मुलगा आमच्या शाळेतलाच होता, त्याने सांगितलं."

"मग तू कधी बोलली कशी नाहीस?"

"तुझ्या बढतीतून घरात फ्रीज आला होता. गार पाणी मीही प्यायले."

"माझं चुकलं, अक्का."

"मला काय सांगतोस कानात?" तिथला माणूस आमच्याकडे बघू लागला, पण तिने आवाज कमी केला नाही. "वर्गासमोर झालंय ना? वर्गासमोर सांग. दातांचंही सांग. तो मेला, आता कुणाची अब्रू झाकायची?"

शाळा कायमची बंद व्हायची होती, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवला होता. मी अर्ज करून पाच मिनिटं मागितली. समोर पोट सुटलेली, केस विरळ झालेली माणसं बसली होती, काहींच्या मांडीवर मुलं. अक्का पहिल्या रांगेत होती. मी उभा राहून हळू आवाजात सुरुवात केली.

"मोठ्याने सांग," ती खुर्चीतूनच म्हणाली. "मागे ऐकू जात नाही."

तिच्या 'सांग'ला शिट्टी निघाली आणि मागे दोघं-तिघं ओळखीचं हसले. मग कुणीतरी त्यांना गप्प केलं. मी सुरुवातीपासून परत सांगितलं. तुम्ही ज्या बदकिणीला हसलात ती या बाईंच्या आवाजाची नक्कल होती. तो मी फसवून घेतला. ती शिट्टी नवऱ्याने मारलेल्या तांब्याची होती, आणि मला ते माहीत होतं. तुम्ही लहान होतात, हसणारच होतात. मी चाळीस वर्षांचा होतो. तुमच्या बाई तुमच्यापुढून उठल्या त्या तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. बाई, मी तुमचा वर्ग विकून बढती घेतली. ती परत देता येत नाही. मला माफ करा असं म्हणायचा हक्क मला नाही, तरी सगळ्यांसमोर म्हणतो. मला माफ करा.